शब्दांच्या जाती पाठ आहेत, तरी इंग्रजी वाक्य पूर्ण का होत नाही?

ताई, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत आठवीत शिकणारी आपली मुलगी नाउनपासून इंटरजेक्शनपर्यंतच्या आठही व्याख्या उदाहरणांसह न अडखळता म्हणून दाखवते, पण ‘माझे गाव’ या विषयावर लिहायला बसली की तिचे एकही वाक्य धड होत नाही, असे आपण लिहिले आहे. तिच्या वहीतल्या चार ओळीही आपण पाठवल्या आहेत : ‘माय व्हिलेज व्हेरी ब्यूटिफुल’, ‘इन रेनी सीझन टू मच रेन’, ‘मॉर्निंग गोइंग टू स्कूल बाय बस’ आणि ‘बिकॉज नो हायस्कूल इन माय व्हिलेज’. दोष नेमका कुठे आहे, घरात मराठी आणि बाहेर कन्नड असल्यामुळे तिसऱ्या भाषेचा गोंधळ होतो का, आणि स्वतःला इंग्रजी फारसे येत नसताना आईने काय करावे, असे आपले तीन प्रश्न आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत मी २६ वर्षे इंग्रजी शिकवत आले आहे. या चार ओळी मी प्रत्येक वर्षी, प्रत्येक वर्गात, थोड्याफार फरकाने वाचल्या आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते. इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत लिहीत आहे, म्हणजे ती आपल्यालाही मोठ्याने वाचता येतील.

प्रथम एक गोष्ट मनापासून सांगते. या चारही ओळींत शब्द बरोबर आहेत, आणि मुलीला जे म्हणायचे आहे ते स्पष्ट कळते. तिने इंग्रजी शब्द घेतले आहेत आणि ते मराठीच्या नियमाने मांडले आहेत. म्हणजे तिच्याजवळ नियम आहे, तो दुसऱ्या भाषेचा आहे, इतकेच. ज्या मुलाजवळ कसलाच नियम नसतो त्याला शिकवणे कठीण असते. आपल्या मुलीचे तसे नाही.

आता मूळ दोषाकडे येते. मराठीत शब्दाची जात बहुतेक वेळा शब्दाच्या अंगावरच दिसते. ‘घर’ वाक्यात कुठेही ठेवले तरी ‘घरात’, ‘घराला’, ‘घराचा’ या रूपांवरून ते नाम आहे हे कळते. ‘चांगला, चांगली, चांगले’ असे बदलणारा शब्द विशेषण असतो, आणि ‘धावतो, धावली, धावतील’ असे बदलणारा शब्द क्रियापद असतो, हे आपल्या मुलांना कोणी न शिकवता कानाने कळते. इंग्रजीत शब्दाच्या अंगावर अशी खूण फार थोडी असते, आणि शब्दाची जात मुख्यतः तो वाक्यात कोणत्या जागी उभा आहे यावरून ठरते. म्हणून शब्द एकटा काढून ‘याची जात सांग’ असे विचारणे हा इंग्रजीपुरता अर्धवट प्रश्न आहे, आणि शाळेत आपण नेमका तोच प्रश्न वर्षानुवर्षे विचारत राहतो.

मीही पहिली काही वर्षे तेच केले. फळ्यावर आठ रकाने आखायचे, खाली शब्द द्यायचे आणि मुलांनी ते योग्य रकान्यात भरायचे, हा माझा आवडता पाठ होता. मुले भराभर उत्तरे देत, गुणही मिळवत, आणि मला समाधान वाटे. एके दिवशी धड्यात ‘द फार्मर वॉटर्स द फील्ड’ असे वाक्य आले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘बाई, वॉटर तर नाउनच्या रकान्यात आहे, मग पाण्याला ‘एस’ कशाला लावलाय? पाणी मोजता येत नाही असं तुम्हीच सांगितलंय की.’ तिचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि माझ्या रकान्यांमध्ये त्याला उत्तर नव्हते. ‘वी ड्रिंक वॉटर’ यात वॉटर हे नाम आहे, ‘द फार्मर वॉटर्स द फील्ड’ यात ते क्रियापद आहे, आणि ‘वॉटर टँक’ म्हणताना तोच शब्द टाकी कसली ते सांगतो. ‘बुक’ वाचायचेही असते आणि तिकीटही ‘बुक’ करायचे असते. ‘क्लीन रूम’ म्हणजे स्वच्छ खोली आणि ‘क्लीन द रूम’ म्हणजे खोली स्वच्छ कर. त्या दिवसापासून मी रकाने सोडून दिले आणि वाक्यापासून सुरुवात करू लागले. आधी वाक्य, मग त्यातल्या प्रत्येक शब्दाचे काम आणि त्या कामाचे नाव शेवटी, असा क्रम ठेवला.

वाक्यात सर्वांत आधी शोधायचे ते क्रियापद. येथे आपल्या मराठी व्याकरणाची मोठी मदत होते. इंग्रजी वर्गात मुले ‘व्हर्ब म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द’ असे पाठ करतात, आणि मग ‘इज’, ‘हॅव’, ‘नो’ (म्हणजे ठाऊक असणे) या शब्दांत क्रिया दिसत नाही म्हणून अडतात. मराठीच्या तासाला मात्र त्याच मुलांनी ‘क्रिया दाखवून वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा शब्द म्हणजे क्रियापद’ अशी व्याख्या शिकलेली असते. तिचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे अर्थ पूर्ण करणे, हाच खरा महत्त्वाचा आहे. ‘पोहणे हा चांगला व्यायाम आहे’ यात क्रिया ‘पोहणे’ या शब्दात असली तरी तो शब्द नाम आहे आणि वाक्य ‘आहे’ पूर्ण करते. इंग्रजीतही ‘स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज’ यात क्रियापद ‘इज’ आहे, ‘स्विमिंग’ नव्हे. आपणही शाळेत नाम, सर्वनाम, विशेषण शिकला असाल. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले, आणि पुढे आपल्या शालेय व्याकरणात रुजलेली आठ जातींची चौकट इंग्रजी व्याकरणाच्याच वळणाची आहे. त्यामुळे आपले ते जुने ज्ञान येथे थेट उपयोगी पडते.

क्रियापद ओळखायची एक कसोटी मी प्रत्येक वर्गाला देते. वाक्याच्या शेवटी ‘यस्टरडे’ लावून वाक्य पुन्हा म्हणायचे आणि कोणता शब्द बदलावा लागतो ते पाहायचे. ‘द फार्मर वॉटर्स द फील्ड’ याचे ‘द फार्मर वॉटर्ड द फील्ड यस्टरडे’ होते, बदलला तो ‘वॉटर्स’, म्हणून तेच क्रियापद. ‘शी इज इल’ याचे ‘शी वॉज इल यस्टरडे’ होते, म्हणजे ‘इज’ हे क्रियापद. ‘कट’, ‘पुट’, ‘शट’ असे थोडे शब्द भूतकाळातही तसेच राहतात, तेव्हा ‘टुमॉरो’ लावून पाहावे, म्हणजे ‘विल’ ज्याच्या आधी येऊन बसतो तो शब्द सापडतो. ही कसोटी व्याख्येपेक्षा विश्वासार्ह आहे, कारण तिच्यात मुलाला अर्थावर वाद घालावा लागत नाही.

आता पहिली ओळ पाहू. ‘माय व्हिलेज व्हेरी ब्यूटिफुल’ याला ‘यस्टरडे’ लावले तर बदलण्यासाठी शब्दच सापडत नाही, म्हणजे येथे क्रियापद नाही. ते मुलीने गाळले, कारण मराठीत ते गाळता येते. ‘हे माझे गाव’, ‘तो माझा भाऊ’ ही मराठीत पूर्ण वाक्ये आहेत. कन्नडातही ‘इदु नम्म ऊरु’, ‘अवनु नन्न तम्म’ असे क्रियापदाविना म्हणतात. म्हणजे आपल्या भागातल्या मुलाच्या दोन्ही भाषा त्याला एकच सवय लावतात, आणि इंग्रजी मात्र ती सवय अजिबात मान्य करत नाही. पूर्ण इंग्रजी वाक्यात ‘इज, ॲम, आर’ किंवा दुसरे क्रियापद असलेच पाहिजे, म्हणून ‘माय व्हिलेज इज व्हेरी ब्यूटिफुल’.

दुसऱ्या ओळीत क्रियापदही नाही आणि कर्ताही नाही. याचे कारण आणखी खोल आहे. ‘काल बेळगावला गेले होते’ असे आपण म्हटले की ‘मी’ म्हणावे लागत नाही, कारण गेली ती व्यक्ती कोण हे क्रियापदाच्या रूपातच असते. ‘तीन वाजले’, ‘उकडतंय’ अशा वाक्यांत तर कर्ता शोधूनही सहज हाती लागत नाही. इंग्रजी क्रियापदाच्या अंगावर ही माहिती जवळपास नसतेच, म्हणून आज्ञेचे वाक्य सोडले तर कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, आणि तिथे बसवायला कोणी नसले तर ‘इट’ बसवावा लागतो : ‘इट इज थ्री ओक्लॉक’, ‘इट इज हॉट’. या ‘इट’चे मराठीत भाषांतर करू नये आणि करताही येत नाही. तो केवळ जागा धरतो. म्हणून मुलीची ओळ ‘इट रेन्स अ लॉट इन द रेनी सीझन’ अशी होईल.

कर्त्याच्या बाबतीत आणखी एक अडचण सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यामुळे हुशार मुलेही चुकतात. ‘मला भूक लागली’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला पोहता येते’ या वाक्यांत अनुभव माझा असला तरी शब्द ‘मी’ नसून ‘मला’ आहे. कन्नडातही येथे ‘ननगे’ येते, ‘नानु’ येत नाही. मुले मग इंग्रजी ‘मी’ (एम-ई) किंवा ‘टू मी’ने, म्हणजे इंग्रजीतल्या ‘मला’ने, वाक्य सुरू करतात. इंग्रजीत अशा बहुतेक ठिकाणी सरळ ‘आय’ येतो : ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय कॅन स्विम’. अशी ‘मला’ची दहा-बारा वाक्ये एका पानावर लिहून ती रोज म्हणून घेतल्याखेरीज ही सवय जात नाही, असा माझा अनुभव आहे. नियम सांगून भागत नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. कन्नडामुळे इंग्रजीचा गोंधळ होतो असे मला वाटत नाही. उलट दोन महत्त्वाच्या ठिकाणी कन्नड मराठीपेक्षा अधिक मदत करते, आणि आपल्या सीमाभागातल्या मुलांचा हा फायदा आपण वापरत नाही याचे मला वाईट वाटते. पहिले ठिकाण म्हणजे कर्ता आणि क्रियापद यांची जुळणी. प्रमाण मराठीत भूतकाळी ‘त्याने भाकरी खाल्ली’, ‘तिने आंबा खाल्ला’ असे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. कन्नडात तसे नाही. तिथे ‘अवनु तिंदनु’, ‘अवळु तिंदळु’ असे क्रियापद कर्त्याकडेच पाहते, आणि इंग्रजीतही जी काही जुळणी आहे ती कर्त्याशीच होते. आपल्याकडे घरोघरी ‘मी काम केलो’, ‘मी भाकरी खाल्लो’ असे बोलले जाते. शुद्ध मराठीच्या तासाला आम्ही ते दुरुस्त करतो, पण इंग्रजीच्या तासाला मी त्याच बोलण्याचा आधार घेते आणि सांगते, ‘घरी तुम्ही ज्याने केलं त्याच्याकडे बघून क्रियापद बोलता ना? इंग्रजीत तेच करायचं.’ दुसरे ठिकाण लिंगाचे. मराठीत नदी ‘ती’ आणि डोंगर ‘तो’, म्हणून मुले नदीला ‘शी’ आणि डोंगराला ‘ही’ लिहितात. कन्नडात माणसांखेरीज बाकी सगळ्याला ‘अदु’ म्हणतात, आणि वस्तूंच्या बाबतीत हा ‘अदु’ म्हणजे जवळजवळ इंग्रजीचा ‘इट’च. मलप्रभा आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, तिच्यावर दोन वाक्ये लिहायला मी मुलांना सांगते : ‘द मलप्रभा राइझेस ॲट कणकुंबी. इट फ्लोज थ्रू खानापूर.’ कोणी ‘शी फ्लोज’ लिहिले तर मी फक्त विचारते, ‘नदीला कन्नडात काय म्हणशील?’ उत्तर लगेच येते आणि खोडरबरही लगेच निघते.

तिसरी ओळ ‘मॉर्निंग गोइंग टू स्कूल बाय बस’. येथे मुलीला वाटते की ‘गोइंग’ हे क्रियापद झाले. पण मराठीत ‘जाऊन’, ‘जाताना’, ‘जायला’ या शब्दांवर वाक्य संपत नाही हे तिला चांगले ठाऊक आहे. ‘सकाळी बसने शाळेला जाताना’ एवढेच म्हणून ती थांबली तर आपण ‘जाताना काय झालं?’ असे विचारू. ‘गोइंग’, ‘टू गो’, ‘गॉन’ ही इंग्रजीची तशीच रूपे आहेत. धातूपासून ती निघतात, पण एकटी वाक्य पेलू शकत नाहीत. ‘गोइंग’च्या आधी ‘ॲम’ किंवा ‘वॉज’ आला तर वाक्य उभे राहते, नाहीतर नाही. रोजच्या सवयीसाठी तर ‘गोइंग’ हवेच कशाला, ‘आय गो’ पुरते.

चौथी ओळ ‘बिकॉज’ने सुरू होते आणि तिथेच संपते. ‘कारण आमच्या गावात हायस्कूल नाही’ असे कोणी अचानक म्हटले तर ऐकणारा आधीच्या वाक्याची वाट पाहतो. ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘इफ’, ‘आफ्टर’ यांनी सुरू झालेल्या वाक्यखंडाला दुसऱ्या खंडाचा आधार लागतो. शिवाय येथे क्रियापदही नाही, ते ‘देअर इज’ने येईल. तिसरी आणि चौथी ओळ जोडली की सुंदर वाक्य तयार होते : ‘आय गो टू स्कूल बाय बस एव्हरी मॉर्निंग बिकॉज देअर इज नो हायस्कूल इन माय व्हिलेज.’ हे तिला दाखवा. तिच्याजवळ पूर्ण वाक्य होते, ते तिने मध्येच तोडले होते, हे तिला त्यातून दिसेल. वाक्याची लांबी आणि पूर्णता यांचा संबंध नसतो हेही सांगावे. ‘सिट’ हा एकच शब्द पूर्ण वाक्य आहे, कारण आज्ञेत ‘यू’ गृहीत असतो, आणि ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड इन अवर व्हिलेज लास्ट नाइट’ एवढे लांब लिहूनही वाक्य अपुरेच राहते.

याच्या उलट चूकही पुढे येईल, तिची तयारी ठेवा. मुली थोडे लिहू लागल्या की स्वल्पविराम देत देत पाच वाक्ये एकाच ओळीत गुंफतात. मला याचे कारण असे दिसते की मराठीत आणि कन्नडात क्रियापद सहसा शेवटी येते, म्हणून ‘आहे’, ‘गेला’, ‘केले’ कानावर पडले की वाक्य संपले हे आपोआप कळते. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जाते आणि शेवटी काहीही असू शकते, त्यामुळे थांबायचे कुठे हे कानाला कळत नाही. देवनागरीत आणि कन्नड लिपीत मोठी-लहान अक्षरेही नाहीत, म्हणून नवे वाक्य सुरू झाल्याची खूण डोळ्यालाही सवयीची नसते. नवे क्रियापद आणि नवा कर्ता आला की एकतर पूर्णविराम द्यायचा, नाहीतर ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’ यांपैकी जोडणारा शब्द घालायचा, एवढा एक नियम काही महिने पाळला तरी पुष्कळ फरक पडतो.

उरलेल्या जातींबद्दल थोडक्यात सांगते. विशेषण इंग्रजीत नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही; ‘चांगली मुले’ म्हणून ‘गुड्स बॉइज’ लिहिण्याची चूक एकदा दाखवली की सुटते. आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे चिकटते आणि इंग्रजी प्रिपोझिशन नामाच्या आधी सुटे उभे राहते : ‘टेबलावर’ पण ‘ऑन द टेबल’. क्रियाविशेषणाला ‘ली’ लागतो हा नियम डोळे झाकून मानू नये, कारण ‘फ्रेंडली’ हे विशेषण आहे, आणि ‘वर्क्स हार्ड’ म्हणजे कष्ट करतो तर ‘हार्डली वर्क्स’ म्हणजे काम जवळजवळ करतच नाही. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना मराठीत आणि कन्नडात जोडच नाही. ते वाचून आणि ऐकून सावकाश बसतात, तेव्हा आज त्यासाठी मुलीला टोकू नये. इंटरजेक्शनला परीक्षेपुरता वेळ द्यावा.

घरी काय करावे, हा आपला तिसरा प्रश्न. रोज रात्री मुलीला त्या दिवशी खरोखर घडलेल्या गोष्टींवर पाच वाक्ये रोमन लिपीत लिहायला सांगा, आणि प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून मराठीतच तीन प्रश्न विचारा : यात क्रियापद कोणते, ते कोणी केले किंवा कोणाबद्दल आहे, आणि वाक्य येथे संपले असे तू कशावरून म्हणतेस? उत्तर बरोबर की चूक हे आपल्याला ठरवता आले नाही तरी चालेल. तिला ‘यस्टरडे’ लावून दाखवावे लागले की तिची चूक तिलाच दिसते. स्पेलिंग पहिला महिनाभर तपासू नका. एका वेळी दोन गोष्टींवर लाल शाई पडली की मूल लिहिणेच कमी करते, हे मी फार वेळा पाहिले आहे. शिकवणी लावण्याआधी हे दोन महिने करून पाहा.

वाक्य सुचत नसेल तर आणखी एक खेळ घ्या, त्याला सुरुवातीला इंग्रजीचा एकही शब्द लागत नाही. मराठी वाक्य घ्यायचे आणि मराठी शब्दांनीच ते इंग्रजीच्या रांगेत म्हणायचे. आधी कोण, मग क्रियापद, मग काय किंवा कोणाला, शेवटी कुठे आणि केव्हा. ‘बाबा सकाळी शेताला पाणी देतात’ याची रांग ‘बाबा, पाणी देतात, शेताला, सकाळी’ अशी लावायची. रांग लागली की मुलीने एकेका जागी इंग्रजी शब्द बसवावा : ‘फादर वॉटर्स द फील्ड इन द मॉर्निंग.’ ‘शेताला’मधल्या ‘ला’साठी ती ‘टू’ शोधू लागेल, तेव्हा तिला सांगा की क्रियापदाच्या लगेच मागे उभे राहिल्यामुळेच शेत हे कर्म झाले आहे, वेगळा शब्द लागत नाही.